एमडीकॅल्क: आधी अंदाज, मग आकडा

लक्षणं आणि तपासण्या भरल्या की आजाराच्या धोक्याचा स्कोर काढून देणारं, 2005 मध्ये सुरू झालेलं एमडीकॅल्क आज इंटर्नच्याही मोबाइलवर असतं. वेबसाइट फुकट आहे आणि बेरीज चुकत नाही. पण त्यातून निदानाची नजर घडते का? घडते, मात्र आकडा शेवटी पाहिला तरच.

फुप्फुसातल्या गुठळीचा वेल्स स्कोर घ्या. नाडी 100 च्या वर असेल तर 1.5, खोकल्यातून रक्त पडलं तर 1. आणि ‘दुसरं निदान याहून कमी संभवतं’ या ओळीला थेट 3! ही ओळ कुठलंच मशीन मोजत नाही, ती तुम्हीच ठरवता. एकूण 4 च्या वर गेलं की सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन), नाहीतर डी-डायमर ही रक्ततपासणी. म्हणजे त्या एका खुणेवर पुढची सगळी दिशा बदलू शकते. म्हणून पेशंट तपासून झाला की ॲप उघडण्याआधी आपला अंदाज टक्क्यांत लिहून ठेवावा. स्कोर वेगळा आला तर कुठल्या लक्षणाला जास्त वजन दिलं गेलं ते शोधावं. आकडा आधी दिसला की अंदाज आपोआप त्याच्याकडे सरकतो.

एमडीकॅल्कवरचा खरा ऐवज आहे तो प्रत्येक स्कोरच्या ‘कधी वापरावं’ आणि ‘धोके’ या भागांत. घाईत नेमके तेच वगळले जातात. तपासणीशिवायच गुठळी नाही असं ठरवणारा पर्क नियम फक्त ज्यांच्यात गुठळीची शक्यता मुळातच 15 टक्क्यांहून कमी वाटते त्यांच्यासाठी आहे. छातीत दुखणाऱ्या सरसकट सगळ्यांना तो लावणं चूकच.

न्यूमोनिया किती गंभीर ते सांगणाऱ्या कर्ब-65 स्कोरमध्ये आपल्याकडे मोजमापाचा घोळ होतो. तिथे गुण मिळायला बीयूएन (रक्तातल्या युरियातला फक्त नायट्रोजन) 19 मिलिग्रॅमच्या वर हवं. आपल्या रिपोर्टवर बहुधा ‘ब्लड युरिया’ असतो, म्हणजे त्याच्या 2.14 पट. युरिया 36 म्हणजे बीयूएन जेमतेम 17, गुण मिळत नाही. शिवाय या स्कोरमध्ये ऑक्सिजन मोजलेलाच नाही. तिशीतला पेशंट, ऑक्सिजन सॅच्युरेशन 86 टक्के, श्वास मिनिटाला 28, बाकी ठीक: गुण शून्य. त्याला घरी कोण पाठवेल?

शिकवायला सगळ्यात चांगला, छातीत दुखणाऱ्या पेशंटच्या हृदयाचा धोका मोजणारा हार्ट स्कोर. ‘हिस्टरी’चे, म्हणजे पेशंटने सांगितलेल्या त्रासाचे, 0 ते 2 गुण दोन रेसिडेंटना वेगवेगळे द्यायला लावा. एकाचा एकूण 3, म्हणजे कमी धोका, दुसऱ्याचा 4. मग दोघांनाही विचारा, पेशंटचं कुठलं वाक्य ऐकून हा गुण दिला?