पाण्यातला कॅमेरा की काठावरचा?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या मलप्रभा घाटावर पहाटे पोहायला येणाऱ्या सत्तरीपुढच्या मंडळींवर माहितीपट करायचं ठरवलं, तेव्हा माझ्यापुढे दोन वाटा होत्या. पाण्यात नेता येणारा छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा, नाहीतर सेकंडहँड मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, आणि त्याला काठावरून लांबचं टिपणारी २०० मिमीपर्यंतची झूम लेन्स. पैसे दोन्हीकडे जवळपास सारखेच जात होते. मी आधी पहिला घेतला, वर्षाने दुसरा. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय.

अ‍ॅक्शन कॅमेऱ्याची ओढ कुणालाही वाटेल. वेगळी पेटी न लावता १० मीटर खोलीपर्यंत चालतो, पोहणाऱ्याच्या शेजारून जाता येतं, पाण्याला टेकलेला चेहरा मिळतो. काठावरून तो चेहरा तसा मिळत नाही, हे मान्यच. पण आपल्या नद्यांचा हिशेब वेगळा. कणकुंबीकडून लाल माती घेऊन येणारी मलप्रभा पावसाळाभर गढूळ, कुडची-उगारकडची कृष्णाही तशीच. त्या दिवसांत कॅमेरा बुडवला की तपकिरी पडद्यापलीकडे काही दिसत नाही. पाणी नितळतं थंडीत, आणि तेव्हा पहाटेचा उजेड इतका कमी असतो की अ‍ॅक्शन कॅमेऱ्याच्या उजेड टिपणाऱ्या छोट्या सेन्सरचं चित्र रवाळ होतं.

तरी एवढ्यावर मी तो सोडला नसता. मला नडला तो भिंगावरचा थेंब.

कॅमेरा पाण्यातून वर आला की काचेवर एखादा थेंब राहतोच. मागचा पडदा एवढासा, त्यावर ऊन, त्यामुळे तिथे काही कळत नाही. घरी संगणकावर पाहावं तर नेमका चेहऱ्यावर धुरकट गोळा. काचेला थुंकी लावून पाहिली. मग पाण्याचा थेंब न होता पातळ थर पसरतो खरा, पण दोन-तीन बुड्यांनंतर पुन्हा तेच. एक आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी पहिल्यांदा पाण्यात उतरणार होते. पायरीवरून त्यांनी सूर मारला, वर आले, डोळे पुसले आणि मोठ्यानं हसले. ते सगळं थेंबामागे गेलं. पुन्हा करा म्हणावं, तर तो पहिला सूर राहत नाही. अजून हळहळ वाटते.

शिवाय मी शेजारी एका हाताने पोहत होतो, त्यामुळे त्यांचं लक्ष माझ्याकडे. 'मी पवू, का तुला सांभाळू?' असं एकांनी विचारलं. त्या दिवशीच्या चित्रणात ते सारखे मागे वळून बघताना दिसतात.

काठावरून मात्र ही माणसं त्यांच्या लयीत पोहतात. दहाव्या मिनिटाला ती कॅमेरा विसरली, निदान माझ्या घाटावर तरी. आणि खरं बोलणं पाण्यात होत नाही. ते होतं अंग पुसताना, पायरीवर बसून. 'काय करालास तिकडं, हिकडं ये' म्हणून हाक येते आणि २०१९ च्या पुरात पाणी कुठल्या पायरीच्याही वर चढलं, तेव्हा कोण कुठं अडकलं, हे मराठीतून कानडीत आणि कानडीतून मराठीत जात सुरू होतं. ओल्या उघड्या अंगाला कॉलर माइक लावणार कुठे? कॅमेऱ्यावरचा शॉटगन माइक, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा लांबट माइक, त्यावर वाऱ्यासाठी केसाळ टोपी, आणि आपण दोन हातांवर बसलेलो. एवढ्यावर आवाज स्वच्छ येतो. पाण्यातून नुकत्याच काढलेल्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्यात तोच आवाज माठातून आल्यासारखा येत होता.

तुमची मंडळी कृष्णा ओलांडून पैलतीरी जाणारी असतील तर माझं गणित कदाचित लागू पडणार नाही. झूम लावूनही पाठमोरी डोकीच दिसतील. तिथे नाव घ्यावी लागेल, आणि हलत्या नावेत ट्रायपॉडचा काही उपयोग नाही.

विहिरीचं चित्रण असेल तरीही छोट्याचीच बाजू घेईन. थंडीत विहिरीचं पाणी हिरवं पण आरपार दिसणारं असतं, वरून मुटका मारला की खालून फेसाचा खांब सुंदर दिसतो. पाठीला डबा बांधून नातवाला पोहायला शिकवणाऱ्या आजींचं चित्रण मी तसंच केलं. त्या दोन दिवसांपुरता कॅमेरा मित्राकडून मागून आणला, कारण माझा तोवर विकला होता.