क्लाउडकम्पेअर: नागपूरच्या सर्व्हेसाठी घ्यावं का?

घ्यावं. पॉइंट क्लाउड, म्हणजे ड्रोन किंवा लेझर स्कॅनरने टिपलेल्या असंख्य त्रिमितीय बिंदूंच्या फाइल्स, बघायचं आणि मोजायचं हे सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. उमरेडकडच्या खाणीतल्या ढिगाचं घनफळ असो की दोन महिन्यांच्या ड्रोन सर्व्हेतला फरक, मोजमापाच्या बाजूने या सॉफ्टवेअरला नावं ठेवायला जागा नाही. तक्रार एकाच ठिकाणी येते: स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं आणि सेव्ह केलेली फाइल क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की ती भलतीकडेच जाऊन पडते. ही चूक बहुतेक वेळा सेव्ह करताना होत नाही, फाइल उघडतानाच झालेली असते.

यूटीएम म्हणजे पृथ्वीचे पट्टे (झोन) पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत. नागपूर तिच्या ४४ उत्तर झोनमध्ये येतं, सॉफ्टवेअरमधला त्याचा कोड ईपीएसजी ३२६४४. शहरातली ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा, एक्स) ३ लाखांच्या आसपास, नॉर्दिंग (उत्तरेकडचा, वाय) २३ लाख ४० हजारांच्या आसपास. क्लाउडकम्पेअर पॉइंट आतमध्ये ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे मोजकेच अंक मावणाऱ्या दशांश आकड्यात ठेवतं. या प्रकारात २३ लाखांच्या आकड्याला लागूनचा पुढचा आकडा थेट ०.२५ मीटरवर असतो, ३ लाखांच्या आकड्याला मात्र ३ सेंटिमीटरवर. यावर उपाय ग्लोबल शिफ्ट: कोऑर्डिनेटमधून एक मोठा ठरावीक आकडा वजा करून ते आतमध्ये छोटे ठेवणं. म्हणून उघडताना ग्लोबल शिफ्टची खिडकी आली आणि घाईत ‘नो’ दाबलं, की उत्तर-दक्षिण दिशेत पॉइंट २५ सेंटिमीटरच्या पट्ट्यांत गोळा होतात. झूम करून वरून बघा, पूर्व-पश्चिम रेघा स्पष्ट दिसतात. एकदा गेलेली अचूकता सेव्ह करताना परत येत नाही, मूळ फाइल नव्याने उघडणं हाच उपाय.

ती खिडकी ‘येस’ने स्वीकारायची आणि ‘प्रिझर्व्ह ग्लोबल शिफ्ट ऑन सेव्ह’ची खूण तशीच राहू द्यायची. ती काढली तर फाइल शिफ्ट केलेल्या छोट्या आकड्यांतच लिहिली जाते, म्हणजे नकाशावर थेट विषुववृत्ताजवळ. सुचवलेली शिफ्ट प्रत्येक फाइलला वेगळी असू शकते, आणि एकाच कामाच्या दहा टाइल्सना (तुकड्यांच्या फाइल्सना) दहा शिफ्ट म्हणजे पुढे डोकेदुखी. त्यापेक्षा शहरासाठी एकच ठरवून टाका: एक्सला उणे ३,००,०००, वायला उणे २३,४०,०००, झेडला शून्य, स्केल १. यामुळे १० किलोमीटर लांबचा पॉइंटही मिलिमीटरच्या आत राहतो. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ‘ग्लोबल शिफ्ट लिस्ट’ नावाची, शब्द अंडरस्कोरने जोडलेली मजकूर फाइल ठेवता येते. तीत नाव, तीन शिफ्ट आणि स्केल अर्धविरामाने तोडून एका ओळीत लिहिलं की शिफ्टच्या खिडकीतल्या यादीत ‘नागपूर’ कायमचं येतं. अख्ख्या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात जास्त वेळ वाचवणारी सोय हीच.

आता सेव्ह. लास या पॉइंट क्लाउडच्या नेहमीच्या फाइलमध्ये कोऑर्डिनेट दशांशात नसतात. कोऑर्डिनेटमधून ऑफसेट हा ठरावीक आकडा वजा करून, स्केलने (सगळ्यात लहान मापाने) भागून ३२ बिटांचा पूर्णांक लिहिला जातो, आणि त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. स्केल ०.००१ आणि ऑफसेट शून्य ठेवला तर २१,४७,४८३ मीटरच्या पुढची नॉर्दिंग त्यात मावतच नाही. पुणे-मुंबईची नॉर्दिंग या रेषेच्या खाली आहे, नागपूरची वर. तिकडे वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली सेटिंग इथे आणली की फाइल फसते ती यामुळे. पीडाल हे पॉइंट क्लाउडवर प्रक्रिया करायचं दुसरं साधन वापरत असाल तर ‘स्केल केलेली किंमत वाय परिमाणाच्या पूर्णांकात बसत नाही’ अशा अर्थाची चूक दाखवून ते थांबतं. पीडालच्या रायटरचा (फाइल लिहिणाऱ्या भागाचा) ऑफसेट ‘ऑटो’ केला की प्रश्न सुटतो. क्लाउडकम्पेअरच्या लास खिडकीत स्केल हाताने ०.००१ द्या आणि ऑफसेट ३,००,००० व २३,००,००० असा सरळ आकडा ठेवा. कमाल अचूकतेचा पर्याय मोहात पाडतो, पण ड्रोनच्या डेटात तेवढी अचूकता मुळातच नसते आणि लाझ (दाबून लहान केलेली लास) फाइल विनाकारण फुगते.

मॅट्रिक्स, म्हणजे क्लाउड फिरवायचा-सरकवायचा आकड्यांचा तक्ता, लावताना जास्त सांभाळा. ‘अप्लाय ट्रान्स्फॉर्मेशन’ नेहमी शिफ्ट झालेल्या, आतल्या कोऑर्डिनेटवर चालतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून खऱ्या यूटीएमवर काढलेला मॅट्रिक्स तसाच चिकटवला तर नुसतं ०.१ अंशाचं वळण ४ किलोमीटरहून जास्त फरक पाडतं, कारण फिरण्याचा केंद्रबिंदूच बदललेला असतो. नव्या आवृत्त्यांत मॅट्रिक्स ग्लोबल कोऑर्डिनेटवर लावायची खूण आहे, ती बघून घ्या. पीटीएक्स या स्कॅनरच्या फाइलच्या हेडरमधला (सुरुवातीच्या नोंदीतला) मॅट्रिक्स असेल तर सरकवण्याचे आकडे शेवटच्या ओळीत असतात. क्लाउडकम्पेअरला ते शेवटच्या स्तंभात लागतात. ओळींचे स्तंभ करूनच (ट्रान्स्पोज) चिकटवा.

आयसीपीने (जवळचे बिंदू शोधून आपोआप जुळवणी करणाऱ्या पद्धतीने) दोन क्लाउड जुळवताना संदर्भ म्हणून यूटीएममधला क्लाउडच निवडा. जुळवलेल्या क्लाउडची ग्लोबल शिफ्ट संदर्भाच्या शिफ्टप्रमाणे बदलते. संदर्भ जर स्कॅनरच्या स्थानिक कोऑर्डिनेटमधला असेल तर तुमच्या ड्रोन क्लाउडची शिफ्ट पुसली जाते. खालच्या कन्सोलमध्ये तशी सूचना येते, पण तिथे बघतं कोण! दर जुळवणीनंतर प्रॉपर्टीजमधला ग्लोबल शिफ्टचा आकडा वाचायची सवय लावा.

एका अपेक्षेला मात्र हे सॉफ्टवेअर पुरं पडत नाही: एका प्रोजेक्शनमधून (नकाशाच्या कोऑर्डिनेट पद्धतीतून) दुसऱ्यात नेणं. अमरावती ४३ झोनमध्ये, वर्धा-नागपूर ४४ मध्ये. समृद्धी महामार्गासारख्या लांब पट्ट्यात ७८ अंश रेखांश ओलांडला की दोन्ही बाजूंच्या फाइल्स इथे नुसत्या सरकवून जुळणार नाहीत. ते काम आधी पीडालच्या रिप्रोजेक्शन फिल्टरने करा, दोन्ही झोन स्वतः लिहून द्या, मग इथे आणा. हेडरमधली झोनची नोंदही तपासा. क्लाउडकम्पेअरमध्ये कोऑर्डिनेट बदलले म्हणून ती आपोआप बदलत नाही.

शेवटची तपासणी पाच मिनिटांची आहे. सेव्हच्या आधी दोन कंट्रोल पॉइंट (जमिनीवर मोजलेल्या खुणा) निवडा. पॉइंट पिकिंगमध्ये आतला आणि ग्लोबल असे दोन्ही आकडे दिसतात, ते लिहून ठेवा. सेव्ह केलेली फाइल क्लाउडकम्पेअरमध्ये नाही, क्यूजीआयएसमध्ये उघडून तेच पॉइंट मोजा. झेडही बघा: नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. शहरातल्या जमिनीची उंची त्यापेक्षा बऱ्याच मीटरांनी कमी दिसली तर शिफ्टला दोष देऊ नका. ती जीपीएसची एलिप्सॉइड उंची (पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली) आहे, आणि ती समुद्रसपाटीवर आणणारी जिऑइडची दुरुस्ती ड्रोनच्या प्रोसेसिंगमध्येच राहून गेली आहे.