फुलकंदांचं मिश्र पाकीट: निशिगंधासाठी घ्या, ट्यूलिपसाठी नको

उन्हाळ्याच्या तोंडावर ऑनलाइन मिळणाऱ्या मिश्र पाकिटात साधारण हेच असतं: निशिगंध, अ‍ॅमरिलिस, फुटबॉल लिली, रेन लिली, ग्लॅडिओलस आणि वर दोन-चार ट्यूलिप. चित्रात सगळी एकदम फुललेली. प्रत्यक्षात प्रत्येकाचा हंगाम वेगळा. महाराष्ट्रातल्या गच्चीसाठी पाचपैकी तीन गुण, त्यातले दोन एकट्या निशिगंधाचे.

निशिगंध, म्हणजे आपली गुलछडी, मार्च ते मे लावायची, त्यामुळे पाकीट वेळेवर येतं. गड्डा दोनेक सेंटिमीटर जाड, टोकाकडे निमुळता आणि दाबून टणक हवा. मधोमध जुन्या दांड्याचा वाळका बुडखा दिसला तर तो गड्डाच बाजूला काढा. एकदा फुललेला गड्डा पुन्हा फुलत नाही, फुलतात ती त्याला चिकटलेली पिल्लं, तीही पोसल्यावर. असे थोराड गड्डे पाकिटात दिसायला छान दिसतात, एवढंच. जातही छापलेली नसते, ही खरी तक्रार. वासासाठी, गजऱ्यासाठी एकेरी ‘प्रज्वल’ आणि फुलदाणीसाठी दुहेरी ‘सुवासिनी’ असा सरळ हिशेब असताना ‘पांढरा’ एवढंच लिहून काय उपयोग?

बारा इंची कुंडीत तीन गड्डे, ५ सेंटिमीटर खोल. दोन भाग माती, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग वाळू, मूठभर निंबोळी पेंड. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग कोंब दिसेपर्यंत हात आखडता. इथेच बहुतेकांचे गड्डे कुजतात. ऊन सहा तासांपेक्षा कमी पडलं तर नुसती पात माजते. सगळं जमलं तर तीनेक महिन्यांत दांडा येतो.

अ‍ॅमरिलिसचा कंद मात्र पुरायचा नाही, वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवायचा. कुंडीही तंगच हवी. फुटबॉल लिली मे-जूनच्या सुमारास एकदाच फुलते आणि हिवाळ्यात पानं वाळून झोपते. ती मेली समजून कुंडी उपसू नका, फक्त पाणी थांबवा. रेन लिलीला काही शिकवावं लागत नाही.

ग्लॅडिओलस मार्चमध्ये विकणं हा शुद्ध आगाऊपणा. तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावायचा. एप्रिलच्या उन्हात कळ्या दांड्यावरच करपतात.

ट्यूलिपला फुलण्याआधी १२ ते १६ आठवडे थंडी लागते. फ्रिजमध्ये ठेवायचे तर फळांपासून लांब ठेवा, कारण पिकत्या केळी-सफरचंदांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी आतल्या आत मरते. एवढं सांभाळून नोव्हेंबर-डिसेंबरात लावलं तर पुण्या-नाशकात एखादं फूल मिळेलही, पण तो कंद पुढच्या वर्षी पुन्हा फुलत नाही. मार्चमध्ये आलेला ट्यूलिप तर सरळ कंपोस्टमध्ये.