पहिली सेकंडहँड बाईक: स्प्लेंडर, युनिकॉर्न, पल्सर की क्लासिक?

लायसन्स नुकतंच हातात आलंय, बजेट ५०-६० हजार, आणि घरात चार मतं. वडील स्प्लेंडरवर ठाम, मित्राचा जीव पल्सरवर, ऑफिसातलं कुणी तरी हळूच युनिकॉर्न सुचवतं आणि आपलं मन रॉयल एनफिल्डच्या क्लासिकवर अडकलेलं. महाराष्ट्रात पहिली जुनी बाईक शोधणारे बरेचसे याच चार नावांभोवती फिरतात, म्हणून तुलनाही याच चौघींची करतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. मॉडेल ही तिसऱ्या नंबरची गोष्ट आहे. आधी बघायचं गाडी कुणाच्या हाताखाली होती, मग ती कोणत्या तारखेनंतरची आहे, आणि त्यानंतर टाकीवर नाव कुठलं ते.

तरी आकडे एकदा शेजारी-शेजारी ठेवू. वजनं आणि उंची अलीकडच्या मॉडेलची आहेत, जुन्यात थोडा फरक पडतो. ॲव्हरेज शहरात प्रत्यक्ष मिळतं ते.

| | स्प्लेंडर प्लस | युनिकॉर्न | पल्सर १५० | क्लासिक ३५० |
|---|---|---|---|---|
| वजन (किलो) | ११२ | १४० | १४८ | १९५ |
| सीटची उंची (मिमी) | ७८५ | ७९८ | ७८५ | ८०५ |
| ॲव्हरेज (किमी) | ६०-७० | ४५-५५ | ४०-५० | ३०-३५ |
| गिअर | ४ | ५ | ५ | ५ |

या तक्त्यातली नवशिक्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ पहिलीच आहे. नवा माणूस गाडी पाडतो ती बहुतेक वेळा ८० च्या स्पीडला नाही, तर चालण्याच्या वेगात. गल्लीत यू-टर्न घेताना, सोसायटीच्या उतारावर गाडी मागे घेताना, सिग्नलला पाय नेमका वाळूवर पडतो तेव्हा. ११२ किलोची गाडी कलली तर मांडीचा जोर लावून सावरता येते. १९५ किलोची एका हद्दीपलीकडे गेली की ती पडणार हे नक्की, फक्त आपला पाय खाली सापडू नये एवढंच बघायचं. अनुभवी माणूस गाडी त्या हद्दीपर्यंत जाऊच देत नाही. तो अंदाज यायला काही महिने लागतात.

स्प्लेंडर

१९९४ पासून रस्त्यावर आहे आणि राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी तिचा मिस्त्री आणि तिचे पार्ट मिळतात. गिअर चारही पुढे दाबून पडतात, त्यामुळे शिकायला सोपी. मात्र पुढे एक खाली-चार वर अशा गाडीवर गेलात की पहिले काही दिवस पाय गोंधळतो. सहा महिने वापरून विकली तरी फारसा तोटा होत नाही, कारण गिऱ्हाईक उभंच असतं. हायवेला ७० च्या पुढे ती थरथरते आणि शेजारून ट्रक गेला की हलते. रोज एक्स्प्रेसवेच्या सर्व्हिस रोडने लांब जायचं असेल तर हे लक्षात घ्या.

जुनी घेताना मागचा भाग वाकून बघा. कॅरिअर किंवा दुधाच्या किटल्यांसाठी लोखंडी अँगल बसवून मग काढलेला असेल तर वेल्डिंगच्या, घासल्याच्या खुणा राहतात. अशा गाडीने तिच्या लायकीपेक्षा बरंच जास्त ओझं वाहिलेलं असतं. मागचे शॉकअप बसलेले असतात आणि स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुशही गेलेले असतात. दुसरं म्हणजे पार्ट कुठेही खपतात, म्हणून चोरांचीही ही आवडती गाडी. हँडलखाली चेसिसच्या मानेवर कोरलेला नंबर आरसीशी (नोंदणीच्या कागदाशी) अक्षर-अक्षर जुळवल्याशिवाय पैसे काढू नका.

युनिकॉर्न

चौघींत सगळ्यात कमी चर्चा हिची होते, आणि माझा कौल हिलाच. २००४ साली होंडाने आणली तेव्हापासून इंजिन गुळगुळीत आणि मागे मोनोशॉक, म्हणजे जोडीऐवजी एकच शॉकअप. खड्ड्यातून जाताना कंबर शाबूत राहते. दिसायला साधी, आवाज नाही, म्हणून कॉलेजची पोरं हिच्या वाटेला सहसा जात नाहीत. परिणामी बाजारात येणारी युनिकॉर्न बऱ्याचदा बँकेत, शाळेत, कंपनीत जाणाऱ्या माणसाची असते. त्याने ऑइल वेळेवर बदललेलं असतं आणि सर्व्हिसच्या पावत्या फायलीत लावलेल्या असतात. उणी बाजू अशी की विकायला कमी निघतात, त्यामुळे थांबावं लागतं, आणि मोनोशॉक गेलाच तर तो जोडीच्या शॉकअपपेक्षा महाग पडतो. उंची कमी असेल तर आधी बसून बघा. दोन्ही पायांचे चवडे टेकले की पुरे.

पल्सर १५०

गाडी म्हणून हिला नाव ठेवायला जागा नाही. बजाजने २००१ मध्ये काढली, आपल्या आकुर्डी-चाकणची गाडी, ताकद भरपूर. अडचण तिच्या आधीच्या मालकांची आहे. पहिला मालक नोकरदार, दुसरा त्याचा भाचा, तिसरा भाच्याचा मित्र, आणि प्रत्येकाने तिच्यावर आपली हौस भागवलेली. म्हणून पल्सर बघताना मी मीटर शेवटी बघतो. आधी बघतो की कंपनीचा सायलेन्सर, दोन्ही आरसे, मागचा मडगार्ड आणि साडी गार्ड जागेवर आहेत का. साडी गार्ड अजून लावलेला असेल तर गाडी घरातली आहे असं बिनधास्त समजा. हौशी पोरगा सगळ्यात आधी तोच काढून टाकतो.

क्लासिक ३५०

मन तिथेच आहे हे कळतंय. पण ६० हजारांत क्लासिक मिळाली तर ती साधारण दहा-बारा वर्षं जुनी असणार, आणि इथेच हिशेब फिरतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ च्या पासिंगची गाडी २०२७ मध्ये पुन्हा आरटीओत न्यायची, तपासणी करून घ्यायची, नूतनीकरण फी आणि पर्यावरण कर भरायचा. रोजच्या पेट्रोलचंही बघा. दिवसाला ३० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर स्प्लेंडरला साडेअकरा लिटर लागतं, क्लासिकला २३ च्या वर. म्हणजे दर महिन्याला हजार-बाराशेचा फरक. क्लच जड, वजन जड. त्याहून जुनी, कास्ट आयर्न इंजिनची बुलेट कुणी स्वस्तात देत असेल तर आणखी सावध राहा. त्यातल्या बहुतेकींचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. पाय अजून घडायचा आहे अशा माणसाने त्या वाटेला जाऊ नये. क्लासिक घ्याच, पण दुसरी गाडी म्हणून, आणि शक्यतो २०२१ नंतरच्या नव्या इंजिनाची.

(केटीएमच्या ड्यूक २०० बद्दलही विचारणा होतेच. पहिली गाडी म्हणून नको.)

दोन तारखा

१ एप्रिल २०१९ आणि १ एप्रिल २०२०. पहिल्या तारखेपासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक (एक दाबला तरी दोन्ही चाकांना लागणारा) सक्तीचा झाला. नवा माणूस घाबरला की पुढचा ब्रेक मुठीत आवळतो. पहिल्या पावसात तेलकट डांबरावर असं केलं की पुढचं चाक लॉक होऊन गाडी सरळ आडवी. एबीएस असेल तर चाक फिरतं राहतं आणि सावरायला संधी मिळते. दुसऱ्या तारखेपासून बीएस ६ (गाडीच्या धुराचा नवा, कडक निकष) आलं आणि या गाड्यांचा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. थंडीत चोक ओढून बसायची गरज संपली, सिग्नलला गाडी बंद पडणं कमी झालं. उलट बाजूने बघितलं तर कार्ब्युरेटर रस्त्याकडेचा मिस्त्री पाना घेऊन साफ करतो, इंजेक्शनच्या गाडीला स्कॅनर लागतो. खेडेगावात राहत असाल तर हा मुद्दा छोटा नाही.

माझ्या हिशेबात पाच-सात हजार जास्त घालून एप्रिल २०१९ नंतरची युनिकॉर्न किंवा पल्सर घेणं हे २०१७ ची चकचकीत गाडी घेण्यापेक्षा केव्हाही बरं. जाहिरातीत ‘२०१९ मॉडेल’ लिहिलेलं असलं तरी आरसीवरचा उत्पादनाचा महिना बघा. जानेवारी २०१९ ची गाडी एबीएसविना असू शकते.

कुणाकडून घ्यायची?

थेट मालकाकडून घेतली तर किंमत सगळ्यात कमी आणि माहिती सगळ्यात जास्त. त्याच्या घरी जा, गाडी कुठे उभी असते ते बघा, गप्पा मारा. ‘घरात उभीच होती, कुणी चालवतच नाही’ हे गुण म्हणून सांगितलं जातं, पण दोन वर्षं उभ्या गाडीची बॅटरी मेलेली, टाकी आतून गंजलेली आणि ऑइल सील कडक झालेली निघू शकतात. रोज वीस किलोमीटर चाललेली गाडी त्यापेक्षा चांगली.

जुन्या गाड्यांच्या डीलरकडे एका जागी दहा गाड्या बघायला मिळतात आणि कागदांची धावपळ तो करतो, त्याचे पैसे किमतीत येतात. पॉलिश, नवे सीट कव्हर, काळा केलेला टायर या सगळ्याने भुलू नका. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते दाखवा म्हणायला लाजू नका. काही जण अजूनही मूळ मालकाच्या सह्या घेतलेले कोरे टीटी फॉर्म (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) बाळगून त्यावरच गाड्या फिरवतात. आरसीवर नाव एकाचं, विकणारा दुसरा आणि मधल्या तिघांचा पत्ता नाही, अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

वॉरंटी देणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे किंमत ठरलेली असते, घासाघीस नाही. ज्याच्याबरोबर यायला ओळखीचा मिस्त्री नाही, त्याला हा पर्याय परवडतो. ज्याच्याकडे मिस्त्री आहे त्याने त्याला दोन-तीनशे रुपये आणि चहा देऊन थेट मालकाकडेच जावं.

गाडीसमोर उभं राहिल्यावर

येण्याआधी गाडी सुरू करू नका असं मालकाला सांगून ठेवा. पोचल्यावर इंजिनला हात लावा. गरम असेल तर तुमच्या आधी कुणी तरी तिला उठवून ठेवलंय. थंड इंजिन किकने सुरू करा, एक-दोन किकमध्ये घेतलं पाहिजे. किक नसलेली गाडी सेल्फवर बघा, तोच न्याय. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय, म्हणजे बोअर-पिस्टनचं काम.

मग गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक उचला आणि हँडल एका बोटाने हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवा. चांगल्या गाडीचं हँडल लोण्यासारखं फिरतं. अगदी मधोमध, चाक सरळ असताना, बारीकसा खाचेत बसल्यासारखा अडथळा लागला तर कोनसेट (हँडलच्या मानेतली बेअरिंग) गेला. एवढंच असेल तर खर्च मोठा नाही, पण खड्ड्यात जोरात आपटलेल्या किंवा समोरून ठोकलेल्या गाडीतही तो असाच लागतो. म्हणून लगेच फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का बघा, फूटरेस्टची टोकं, ब्रेक-क्लच लिव्हरची टोकं आणि सायलेन्सरची बाहेरची कड यांवर घासल्याच्या खुणा शोधा. सगळ्या खुणा एकाच बाजूला असतील तर गाडी त्या बाजूला घसरलेली आहे. जागेवर कलंडलेल्या गाडीला एखादा ओरखडा असतो, रस्त्यावर घसरलेलीच्या खुणा लांब आणि एका दिशेच्या असतात. पल्सरच्या बाबतीत कोनसेट आणि इंजिनातल्या टायमिंग चेनचा खडखडाट या दोन गोष्टी सोडूच नका.

मीटरवर २२ हजार आणि ब्रेक पेडलचं, हँडल ग्रिपचं रबर झिजून सपाट झालेलं असेल तर मीटर खोटं बोलतंय. टायरवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

कागद

परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मालक कितवा, विमा, पीयूसी आणि कर्जाची नोंद बघा. प्रलंबित ई-चलन वेगळं तपासा. कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय व्यवहार नाही. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही, आणि तो वेगळाच व्याप आहे. गोव्यातून किंवा कर्नाटकातून स्वस्त मिळते म्हणून पहिलीच गाडी तिकडून आणू नका. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी बसवलीय का तेही बघा.

विक्रेत्याला हे सगळं लवकर उरकण्यात रस असायलाच हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, मग गाडी पुढे कितीही जणांना विकलेली असो. जो मालक ‘नावावर करा हो सावकाश’ म्हणतो त्याला हे सांगून बघा.

विमा तुमच्या नावावर करण्यासाठी व्यवहारापासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा. मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो. थर्ड पार्टीचा हप्ता जून २०२२ च्या दराप्रमाणे ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये आणि १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये, वर जीएसटी. पल्सर १५० चं इंजिन १५० सीसीच्या जरा आत बसतं, १६० सीसीची युनिकॉर्न मात्र क्लासिकच्या गटात जाते. माझ्या लाडक्या गाडीचा हा एक तोटा मान्य करावाच लागेल.

बजेट ६० असेल तर गाडी ५२-५३ पर्यंतच ठरवा. इसार रोख देऊ नका, बँकेतून द्या. डिलिव्हरीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहून दोघांच्या सह्या घ्या, म्हणजे त्या दिवशी सकाळी फाडलेलं चलन कुणाचं यावरून वाद नको. उरलेल्या पैशांत पहिल्याच आठवड्यात ऑइल, ब्रेक शू किंवा पॅड, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, आणि गरज असेल तर चेनसेट बदलून घ्या. टायर गुळगुळीत निघाले तर आधी पुढचा बदला.