पिकअपला जादा पाटा की एअर बॅग?

भाच्याची पिकअप मार्केट यार्डात गूळ भरला की मागनं बसते आणि रिकामी झाली की उड्या मारते. "मामा, पाटा वाढवू का एअर बॅग टाकू?" पाटा म्हणजे मागच्या कमानीतली पोलादी पट्टी; एअर बॅग म्हणजे अपघातात फुगणारी नव्हे, कमानीला आधार द्यायला बसवायची हवेची रबरी पिशवी.

खर्चात पाटा सरळ जिंकतो. उद्यमनगरात कमानपाट्याचं काम दिवसात उरकतं. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र नवेच घे, जुने ताणलेले असतात. चार-पाचशे किलोमीटरनंतर परत आवळून घे. बॅगेचं किट, नळ्या, फिटिंग धरून पैसे बरेच जातात.

आरामाचं उलटं आहे. पाटा कायमचा कडक: भरलेली गाडी ताठ उभी, रिकामी असली की गगनबावड्यापर्यंत प्रत्येक खड्डा मणक्यात. बॅगेत भरताना हवा वाढवायची, माल उतरला की कमी करायची. पूर्ण काढायची नाही, रबर चिमटतं.

टिकायला पाटाच. बॅगेला खडी आणि सायलेन्सरची धग दोन्ही बाधतात.

उंचीचं कुणी सांगत नाही ते ऐक. मागचा ब्रेक वजनाप्रमाणं कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल, तर मागची बाजू उचलल्यावर त्याला गाडी रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. तो सेट करून घे. हेडलाइटही. आणि आरसीवरची वजनाची मर्यादा दोन्हीनं वाढत नाही.

रोज भरूनच पळणाऱ्यानं पाटा घालावा. जाताना भरून, येताना रिकामं येणाऱ्यानं बॅग. भाच्याला बॅगच सांगितली; पण त्याचे शॉकअप गळतायत, ते आधी.