जावातल्या खेड्यात दोन महिने: बोरोबुदुरची गावं, दिएंगचं पठार की बान्युवांगीचं केमिरेन?

जावात राहायला गाव शोधताना आपण आधी ज्वालामुखी, देवळं आणि भातखाचरांचे फोटो बघतो. माझा सल्ला असा की आधी गावात पिकतं काय ते बघा, मग शेजार, मग जमिनीचा कायदा आणि देखावा सगळ्यात शेवटी. देखावा या तिन्ही ठिकाणी भरपूर आहे. पण पहाटे किती वाजता जाग येणार, दुपारी ओसरीवर कोण टेकणार, रस्त्यावर भाताचं तूस असेल की बटाट्याची पोती, हे सगळं पिकावर ठरतं.

भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियात उतरल्यावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा असतो आणि तो एकदाच आणखी ३० दिवसांनी वाढवता येतो. म्हणून तुलना दोन महिन्यांच्या मुक्कामाची केली आहे. त्यापुढे जाऊन तिथे घर करायचं मनात असेल, तर जमिनीचा भाग नीट वाचा.

पीक आणि दिवस

बोरोबुदुर हा मध्य जावाच्या मागेलांग जिल्ह्यातला तालुका, त्यात वीस गावं. प्रोगो आणि एलो या नद्यांचा सखल प्रदेश, दक्षिणेला मेनोरेहची डोंगररांग, पूर्वेला मेरापी आणि मेरबाबू हे ज्वालामुखी. पाणी असलेल्या शिवारात वर्षाला भाताची दोन पिकं निघतात आणि तिसऱ्या हंगामात मका, भुईमूग किंवा मिरची लागते. मेनोरेहच्या पायथ्याशी असलेल्या चांदिरेजोसारख्या गावात मिश्र पिकांची शेती जास्त. डोंगराकडच्या वस्त्यांत पुरुष सकाळ-संध्याकाळ माडावर चढून रस काढतात आणि घरातल्या बायका तो कढईत आटवून गूळ पाडतात. हवा उष्ण आणि दमट, कोकणातल्या माणसाला अजिबात परकी वाटणार नाही अशी. काम पहाटे सुरू होतं, उन्हं चढली की थांबतं आणि दुपारनंतर पुन्हा सुरू होतं. पाहुण्याला या दिवसात सहज जागा मिळते.

दिएंग अगदी वेगळं. समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवरचं हे पठार वोनोसोबो आणि बांजारनेगारा या दोन जिल्ह्यांत विभागलेलं आहे. इथे बटाटा हेच दैवत. १९८०च्या दशकापासून बटाट्याने इथली घरं पक्की केली, मुलांना शिकवलं आणि डोंगरही उघडे केले. उभ्या उतारांवर माथ्यापर्यंत वाफे आहेत, झाडं जवळजवळ नाहीत. पावसात माती सुटते, सेरायू नदीत उतरते आणि खालच्या म्रिचा धरणात गाळ होऊन साचते. कोबी, गाजर आणि पपईची छोटी चुलत बहीण म्हणावी अशी कारिका ही जोडपिकं. कोंबडीखताचा वास आणि औषध फवारणीचे पंप इथल्या सकाळचाच भाग आहेत. दम्याचा त्रास असलेल्यांनी हे गांभीर्याने घ्यावं. जुलै-ऑगस्टमध्ये काही पहाटे पारा शून्याखाली जातो आणि गवतावर बर्फाचा पातळ थर दिसतो. पर्यटक त्याच्या फोटोसाठी येतात, पण शेतकऱ्याचं त्याच रात्री उभं पीक करपतं. दोन्ही एकाच बांधावरून दिसतं आणि मला तरी त्या फोटोचा आनंद निर्भेळ वाटत नाही.

केमिरेन जावाच्या पूर्व टोकाला, बान्युवांगी शहराच्या अगदी लगत, इजेन ज्वालामुखीकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर आहे. ओसिंग लोकांचं हे गाव. ओसिंग म्हणजे ब्लाम्बांगान या जावातल्या शेवटच्या हिंदू राज्याच्या प्रजेचे वंशज. भाषा जावानीजशी नातं सांगणारी, पण स्वतंत्र वळणाची. पीक भात, वर डोंगराकडे कॉफी. जावा इंडोनेशियाच्या पश्चिमेकडच्या वेळेवर चालतो आणि बान्युवांगी त्याच्या पूर्वेच्या टोकाला, त्यामुळे इथे पाचच्या आसपास उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला अंधारून येतं. उशिरा उठणाऱ्याचा निम्मा दिवस वाया जातो.

शेजार

तिन्ही ठिकाणी एक नियम समान: पाहुणा चोवीस तासांपेक्षा जास्त राहणार असेल तर वाडीप्रमुखाला, म्हणजे ‘पाक एर-ते’ यांना कळवायचं. होमस्टेवाले हे करतात, पण स्वतः जाऊन भेटणं वेगळं. हातात खाऊचा पुडा घेऊन पहिल्याच दिवशी जावं. पुढचे दोन महिने त्यावर उभे असतात.

मध्य जावाच्या अनेक वाड्यांत अजूनही ‘जिम्पितान’ आहे. दाराशी एक छोटी वाटी टांगलेली असते, त्यात रोज मूठभर तांदूळ किंवा एखादं नाणं ठेवायचं आणि रात्रीच्या गस्तीवरची मंडळी ते गोळा करून वाडीच्या कामाला लावतात. भाड्याने राहणाऱ्यानेही वाटीत नाणं ठेवावं. त्याशिवाय सामूहिक साफसफाई, कुणाकडे बारसं, लग्न, मयत झालं की होणारी सामुदायिक प्रार्थना आणि जेवण. मयताची खबर मशिदीच्या भोंग्यावरून येते आणि वाडी हातातलं काम टाकून जाते. पहिली अजान साडेचारच्या सुमाराला होते. हे सगळं नको असेल, नुसती शांतता हवी असेल, तर जावाचं खेडं तुमच्यासाठी नाही, मग ते तिघांपैकी कुठलंही असो.

फरक असा. बोरोबुदुरच्या गावांना पाहुण्यांची सवय आहे. वीसही गावांत सरकारी कंपन्यांच्या मदतीने ‘बालकोंदेस’ नावाची गावच्या उद्योगांची केंद्रं उभी राहिली, बहुतेक ठिकाणी तिथेच राहण्याची सोय आहे. त्यामुळे सुरुवात सोपी जाते, पण ओळख वरवरची राहण्याचा धोकाही असतो. केंद्रात न राहता एखाद्या कुटुंबाच्या घरात खोली घ्या. दिएंगचे लोक अबोल नाहीत, पण बटाट्याचं काम श्वास घेऊ देत नाही. तुमच्याशी गप्पा मारायला दिवसा कुणी रिकामं नसतं आणि रात्री थंडीने सगळे आत.

केमिरेन शेजाराच्या बाबतीत सर्वांत पुढे आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. इथल्या गाद्या सगळ्या घरांत एकाच रंगसंगतीच्या, काळ्या आणि लाल. झुलहिज्जा महिन्यात, बकरी ईदच्या आधी, एका सकाळी सगळं गाव आपापल्या गाद्या रस्त्यावर आणून उन्हाला घालतं आणि त्याच संध्याकाळी रस्त्याच्या दुतर्फा चटया अंथरून सामुदायिक जेवण होतं. त्याला ‘तुम्पेंग सेवू’ म्हणतात. भाजलेली कोंबडी आणि ओलं खोबरं घातलेला ‘पेचेल पितिक’ हा त्यातला मानाचा पदार्थ. रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी बारोंगची, म्हणजे मुखवटाधारी रक्षक प्राण्याची, मिरवणूक गावाला फेरी घालते. बायका रिकाम्या लाकडी उखळांवर मुसळांनी ताल धरतात, तेही ऐकण्यासारखं. हे पर्यटकांसाठी मांडलेलं नाही. पर्यटक नंतर आले.

जमीन आणि घर

इथे मात्र गावागावांत फारसा फरक नाही, कारण कायदा देशाचा आहे. १९६०च्या मूलभूत भूमी कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला ‘हाक पाकाई’ म्हणजे वापराचा हक्क घेता येतो: २०२१च्या नियमांप्रमाणे आधी ३० वर्षं, मग २० वर्षांची वाढ, मग ३० वर्षांचं नूतनीकरण, एकूण ८०. पण अशा घराला सरकारने किमान किंमत ठरवून दिली आहे आणि जावात ती कित्येक अब्ज रुपियांची आहे. खेड्यातलं साधं घर त्या रकमेच्या जवळपासही जात नाही. म्हणजे कागदावर दार उघडं, प्रत्यक्षात खेड्यापुरतं बंद.

मग कुणीतरी सुचवतं, ‘माझ्या नावावर घ्या, आपण आपसात करार करू.’ याला ठामपणे नाही म्हणा. त्याच कायद्याच्या २६व्या कलमानुसार परदेशी माणसाकडे आडमार्गाने मालकी नेणारा व्यवहार मुळातच रद्द ठरतो आणि जमीन सरकारजमा होते. दिलेले पैसे परत मागण्याची सोयही उरत नाही.

शेतजमिनीचं तर नावच काढू नका. ती परदेशी माणसाला नाहीच, शिवाय इंडोनेशियन मालकालाही त्याच किंवा लगतच्या तालुक्यात राहणं बंधनकारक करणारा नियम १९६१पासून आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन न विकणारा महाराष्ट्रातला कायदा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना यामागची भीती लगेच कळेल: शहराचा पैसा आला की कसणारा बाहेर पडतो. पाणथळ भातशेतीचं बांधकामात रूपांतर करण्यावर २००९च्या कायद्याने आणखी बंधनं आली. खाचराच्या मधोमध व्हिला दिसला तर परवानगी कशी मिळाली हा प्रश्न आधी विचारा.

कागद बघण्याची वेळ आलीच तर एक गोष्ट लक्षात ठेवा. गावच्या दप्तरातली ‘लेटर सी’ नोंद किंवा ‘गिरिक’ हा कराचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. आपल्याकडे सातबारा महसुली नोंद असतो, तसंच हे. खरं कागदपत्र म्हणजे राष्ट्रीय भूमी कार्यालयाचं प्रमाणपत्र. मेनोरेहची रांग ओलांडली की योग्याकार्ता हा विशेष प्रदेश लागतो आणि तिथे आणखी एक गुंता आहे. सुलतान आणि पाकुआलाम या तिथल्या दोन राजघराण्यांच्या जमिनी तिथे २०१२च्या कायद्याने मान्य झाल्या आहेत, शिवाय गावनिधीच्या जमिनी वेगळ्या. अशा गावनिधीच्या जमिनीवर बेकायदा घरं बांधून भाडेपट्ट्याने दिल्याची प्रकरणं २०२३ मध्ये स्लेमन जिल्ह्यात कोर्टापर्यंत गेली. स्वस्त दीर्घ भाडेपट्टा दिसला तर जमीन कुणाची, हे नोटरीकडून तपासून घ्या.

म्हणून भाडं हाच शहाणपणाचा मार्ग. घर सहसा वर्षाच्या कराराने मिळतं आणि वर्षाचं भाडं एकदम आगाऊ द्यावं लागतं. दोन महिन्यांसाठी त्यापेक्षा महिन्याने खोली बरी.

लाकडी घरांबद्दल थोडं सांगायलाच हवं. जुनं जोग्लो किंवा लिमासान घर खुंट्या आणि खाचांनी जोडलेलं असतं, ते सुटं करून दुसरीकडे उभं करता येतं. ओसिंग घरंही तशीच, खिळ्यांऐवजी पाचरींवर उभी. छपराला चार उतार असले तर ‘तिकेल बालुंग’, तीन असले तर ‘बारेसान’, दोन असले तर ‘चेरोचोगान’. इंडोनेशियाचा कायदा परंपरेला धरून जमीन आणि तिच्यावरची वास्तू वेगळी मानतो. त्यामुळे भाड्याच्या जमिनीवर स्वतःचं लाकडी घर शक्य आहे. पण गावोगावची जुनी सागवानी घरं याच मार्गाने उखडून रिसॉर्टांच्या आवारात गेली आहेत. तुम्हाला घर आवडलं तर त्याच गावात, त्याच जागी, मालकाकडून भाड्याने घ्या आणि त्याचं छप्पर दुरुस्त करून द्या.

बघण्यासारखं

बोरोबुदुरचा स्तूप ८व्या-९व्या शतकातला, शैलेंद्र राजांच्या काळातला. १९९१ पासून जागतिक वारसा. वर चढायला आता रोज मर्यादितच लोकांना सोडतात, तेव्हा आधी नोंदणी करा. मेंदुत आणि पावोन ही छोटी मंदिरं, वैशाख पौर्णिमेचा सोहळा, क्लिपोह वाडीतले कुंभार. दोन महिने पुरतील.

दिएंगला अर्जुन मंदिरसमूह आहे, जावातल्या सर्वांत जुन्या दगडी देवळांपैकी. अर्जुन, श्रीकांडी, पुंतादेवा, सेंबाद्रा आणि सेमार अशी नावं लोकांनी पुढे दिली. जावाच्या महाभारतात श्रीकांडी ही अर्जुनाची धनुर्धर पत्नी, आणि सेमार हा सेवकाच्या रूपात वावरणारा देव, जो आपल्या महाभारतात नाहीच. सिकिदांगचं उकळतं विवर आणि रंग बदलणारं तेलागा वार्ना तळं जवळच. हे सगळं चार दिवसांत होतं.

केमिरेनहून इजेनचं आम्लाचं सरोवर, रात्रीच्या निळ्या ज्वाळा, बालुरानचं गवताळ जंगल आणि केतापांग बंदरातून बालीला जाणारी फेरीबोट. इजेनवर गंधकाच्या कावडी खांद्यावर घेऊन चढणारे कामगार भेटतील. वाट अरुंद आहे, आधी त्यांना जाऊ द्यायचं.

जेवण, दवाखाना, धोका

शाकाहारी माणसाचं जावात चांगलं भागतं: तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), तोफू, शेंगदाण्याच्या चटणीतलं पेचेल. अडचण सुक्या कोळंबीच्या ‘तेरासी’ची, ती बहुतेक सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, असते. ‘तन्पा तेरासी’ हे दोन शब्द पाठ करा. वोनोसोबोच्या ओंगक्लोक नूडल्सच्या रश्शातही सुकी कोळंबी असते.

केमिरेनहून शहरातलं रुग्णालय काही मिनिटांवर, बोरोबुदुरहून मागेलांग अर्ध्या-पाऊण तासावर. दिएंगहून वोनोसोबोला सुमारे २६ किलोमीटरचा घाट उतरावा लागतो, तोही धुक्यात.

मेरापीच्या २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसं गेली आणि बोरोबुदुरवर राख पडली. दिएंगचा धोका डोळ्यांना दिसत नाही: १९७९ मध्ये सिनिला विवरातून आलेल्या कार्बन डायऑक्साइडने १४९ जण दगावले. गावकरी ज्या वाटेने जाऊ नका म्हणतील, तिथे जाऊ नका.

कोणी काय निवडावं

पहिल्यांदाच जात असाल, सोबत आई-वडील किंवा मुलं असतील, तर बोरोबुदुरची गावं. माणसांत मिसळायची ओढ असेल आणि भाषा येत नसताना हसून वेळ निभावून न्यायची तयारी असेल, तर केमिरेन. माझी स्वतःची पसंती तिकडेच आहे. दिएंगला दोन महिने काढू नयेत, आठवडा पुरे, आणि तोही बोरोबुदुरच्या मुक्कामाला जोडून.

पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. मे महिन्यात गेलात तर बोरोबुदुरला वैशाख पौर्णिमा मिळते आणि शिवारात भाताचं दुसरं पीक उभं असतं. केमिरेनसाठी आधी बकरी ईदची तारीख बघा, ती दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. तिच्या दोन आठवडे आधी पोहोचाल अशी तिकिटं काढा.