प्लाझ्माचं तापमान मोजायचंय: प्रोब, स्पेक्ट्रोमीटर की लेझर?

प्लाझ्मावर, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या गॅसवर, प्रोजेक्ट घेतलाय आणि गाइड म्हणाले तापमान मोजा, तर आधी ठरवा कुणाचं तापमान. लो प्रेशर डिस्चार्जमधे, म्हणजे कमी दाबाच्या गॅसमधून वीज सोडून केलेल्या प्लाझ्मात, इलेक्ट्रॉन आणि गॅस एका तापमानाला नसतातच. ट्यूबलाइटमधले इलेक्ट्रॉन साधारण १ इलेक्ट्रॉन व्होल्टचे, म्हणजे ११,६०० केल्विनच्या आसपास, आणि तरी काचेला हात लावता येतो कारण गॅस जेमतेम कोमट असतो.

इलेक्ट्रॉनचं हवं असेल तर माझं मत लँगम्युर प्रोब. टंगस्टनची बारीक तार सिरॅमिकच्या नळीत, टोक तेवढं प्लाझ्मात, मग व्होल्टेज स्वीप करायचं आणि करंट नोंदवत जायचा, त्यातून आयन करंट वजा करून उरलेल्याचा लॉग घेतला की मधे एक सरळ रेष मिळते, तिचा स्लोप उलटा केला की तापमान थेट इलेक्ट्रॉन व्होल्टमधे. त्याच कर्व्हवरून डेन्सिटी पण मिळते आणि प्लाझ्मा पोटेन्शियल (प्लाझ्माचं स्वतःचं व्होल्टेज) पण, तेही जिथे टोक आहे त्याच जागेचं. एवढ्या कमी खर्चात एवढं दुसरं काहीच देत नाही.

पण आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सी) सोर्स असेल, म्हणजे ते नेहमीचं १३.५६ मेगाहर्ट्झ, तर साधी तार घालू नका. प्लाझ्मा पोटेन्शियल हलत राहतं, कर्व्ह पसरतो आणि तापमान खरं आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, त्यामुळे चोक (आरएफ अडवणारी कॉइल) लावलेला कॉम्पेन्सेटेड प्रोबच पाहिजे. दुसरं म्हणजे सिलेन, मिथेन असले गॅस असतील तर टोकावर थर बसतो. स्वीप वर नेताना आणि खाली आणताना कर्व्ह वेगळा आला तर टोक खराब झालंय समजा, आर्गॉनमधे जोरात बायस (व्होल्टेज) देऊन साफ करा आणि मग परत रीडिंग घ्या.

स्पेक्ट्रोमीटरचं बरं असं की आत काही घालावं लागत नाही, खिडकीला फायबर लावला की झालं. गॅसच्या तापमानासाठी हाच घ्या, थोडा नायट्रोजन सोडायचा आणि ३३७.१ नॅनोमीटरच्या बँडचा आकार फिट करायचा. मात्र बोल्ट्झमन प्लॉट (स्पेक्ट्रमच्या रेषांच्या तीव्रतेचा लॉग विरुद्ध वरच्या पातळीची ऊर्जा) काढून त्याला इलेक्ट्रॉन तापमान म्हणणं लो प्रेशरमधे चूक आहे, ते एक्सायटेशन तापमान असतं, म्हणजे अणूंच्या वरच्या पातळ्या किती भरल्यात त्यावरून निघणारं, आर्कसारख्या दाट प्लाझ्मात दोन्ही जवळ येतात तेवढंच. शिवाय उत्तर अख्ख्या लाइन ऑफ साइटची, म्हणजे फायबरला समोर दिसणाऱ्या सगळ्या प्लाझ्माची, सरासरी असतं.

थॉमसन स्कॅटरिंग, म्हणजे लेझर सोडून इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला प्रकाश मोजणं, सगळ्यात भरवशाचं. १९६८ मधे सोव्हिएत टी-३ टोकामॅकच्या (चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणारं फ्यूजनचं यंत्र) तापमानावर पश्चिमेकडे विश्वास बसत नव्हता, तेव्हा ब्रिटनच्या कलहॅम फ्यूजन लॅबची टीम लेझर घेऊन मॉस्कोला गेली, मोजलं, आणि १९६९ मधे आकडा खरा निघाला! पण लॅबच्या प्लाझ्मात, समजा घनसेंटिमीटरला १० हजार कोटी इलेक्ट्रॉन, १ सेंटिमीटर अंतरात साधारण १५ लाख कोटी फोटॉनमागे एकच विखुरतो, आणि भिंतीवरून येणारा स्ट्रे लाइट त्याच्या कितीतरी पट. पॉवरफुल लेझर, चांगला डिटेक्टर आणि वर्षभराची चिकाटी असेल तरच हात घाला.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला आर्गॉन असेल तर प्रोब आणि जोडीला स्पेक्ट्रोमीटर, थर बसवणारा गॅस असेल तर उलट, मुख्य काम स्पेक्ट्रोमीटरवर आणि प्रोब अधूनमधून. चेंबर अजून बनायचा असेल तर वर्कशॉपला ड्रॉइंग देतानाच समोरासमोर दोन पोर्ट आणि त्यांना काटकोनात तिसरा मागून घ्या, पुढे कुणी लेझर आणला तर चेंबर परत कापावा लागणार नाही.